छापण्यापूर्वी खेळून पाहावे

मागील अंकी मुलांच्या सुट्टीविषयी लिहिताना ‘बैठ्या खेळांचा विचार पुढे कधीतरी करू’ असे वचन आम्ही देऊन बसलो होतो. वचन दिले खरे. परंतु सोंगट्या, बुद्धिबळ आणि पत्ते यांपलीकडे आमची मजल जात नसल्यामुळे ते पाळावे कसे, ह्या विवंचनेत आम्ही होतो. ती विवंचना आमच्या धाकट्या बंधूंच्या चिरंजिवाने, म्हणजे श्रीधराने, दूर केली. आणि दूर करता करता आमच्याच एका जुन्या चुकीवर बोट ठेवले. त्या दोन्ही गोष्टी एकमेकींत अशा गुंतल्या आहेत की एक सांगून दुसरी लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

रविवारची दुपार होती. जेवणे आटोपून आम्ही पाठ टेकली होती, तोच दिवाणखान्यातून फासे घरंगळल्याचा आवाज आला. ज्याने आयुष्यभर मुलांना सभापर्वातील द्यूताची कथा सांगितली, त्यास हा आवाज ऐकून स्वस्थ झोप कशी यावी? आम्ही बाहेर आलो. श्रीधर व त्याचे चार मित्र मेजाभोवती बसलेले, प्रत्येकापुढे कागद व पेन्सिल, आणि मध्ये रंगीबेरंगी फाशांचा ढीग.

“अरे श्रीधर, ह्या घरात फासे?”

“अण्णाकाका, ह्यात पैसा नाही,” तो हसून म्हणाला, “आणि हारजीतही नाही.”

“हारजीत नाही, तर मग खेळ कसला?”

त्याने आम्हांस खुर्ची दिली आणि म्हणाला, “बसा, अर्धा तास पाहा, मग सांगा.” आम्ही अर्ध्या तासाकरिता बसलो ते दिवेलागणीस उठलो, हे येथेच कबूल करतो.

प्रथम त्या फाशांविषयी. भूमितीच्या अभ्यासकांस ठाऊक आहे की, ज्यांची सर्व मुखे एकरूप व नियमित असून प्रत्येक कोपऱ्यात सारखीच मुखे मिळतात, अशा बहिर्वक्र घनाकृती पाचच संभवतात. युक्लिडाच्या तेराव्या भागात त्यांचा विचार केलेला आहे. चार, सहा, आठ, बारा आणि वीस मुखांच्या त्या पाचही आकृती त्या ढिगात फासे होऊन पडल्या होत्या. दहा मुखांचा एक सहावा फासा त्यांच्या कुळाबाहेरचा, परंतु त्यांच्याच पंक्तीस बसविलेला. पुस्तकात आकृती काढून शिकविलेली वीसमुखी घनाकृती हातात घेऊन फिरविण्याचा योग आम्हांस साठी उलटल्यावर आला!

खेळाची रीत अशी. एकजण सूत्रधार होतो. इंग्रजीत त्यास ‘डंजन मास्टर’ म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात: कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी देवालयाचा उपासक, कोणी चोरपावलांनी वावरणारा. पात्राचे बळ, चापल्य, काटकपणा, बुद्धी, विवेक आणि छाप हे सहा गुण कागदावर आकड्यांत मांडलेले असतात. सूत्रधार प्रसंग वर्णन करतो: “पुढे भुयार आहे, आतून धूर येतो आहे.” मग ज्याचे त्याने आपले पात्र काय करील ते सांगावयाचे. जे सहज घडेल ते घडते. जेथे यशापयशाची शंका असेल तेथे वीसमुखी फासा टाकून त्यात गुणाचा आकडा मिळवितात, आणि ठरलेल्या अंकाशी बेरीज ताडून पाहतात. थोडक्यात, ज्याची संहिता कोणी लिहिलेली नाही आणि ज्यास प्रेक्षक नाहीत, असे हे नाटक होय. नटच त्याचे कवी, आणि दैव फाशाच्या रूपाने मधून मधून बोलणारे.

ह्या प्रकारच्या खेळांचा आद्य व सर्वांत प्रसिद्ध म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. अमेरिकेतील विस्कॉन्सिन संस्थानात लेक जिनीव्हा नावाचे एक लहान गाव आहे. तेथील गॅरी गायगॅक्स आणि शेजारच्या मिनेसोटातील डेव्ह आर्नेसन ह्या दोघा युद्धखेळांच्या शौकिनांनी तो रचला. गायगॅक्स हे विमा कंपनीतील नोकरी गेल्यावर घराच्या तळघरात जोडे दुरुस्त करून संसार चालवीत होते. त्यांच्या हस्तलिखितावर पहिला प्रयोग झाला तो घरातच. थोरला मुलगा अर्नी आणि मुलगी एलिस हे त्यांचे आरंभीचे खेळाडू. १९७४ साली तीन लहान पुस्तिका एका पेटीत घालून हजार प्रती छापल्या, आणि साधारण वर्षभरात त्या संपल्या.

परंतु त्या पुस्तिकांत एक उणीव होती, आणि ती पुढील कथेचे बीज आहे. ज्यांनी गायगॅक्स वा आर्नेसन यांच्याबरोबर बसून खेळ पाहिला होता, त्यांस पुस्तिका समजत. ज्यांनी त्या नुसत्या दुकानातून आणल्या, त्यांस कित्येक नियमांचा अर्थ लागत नसे. मग गावोगावच्या मंडळींनी आपापल्या तर्काने अर्थ लाविले आणि एकाच नावाचे अनेक खेळ झाले. आमच्याकडे सूत्रग्रंथांवर भाष्ये व भाष्यांवर टीका का झाल्या, हे ज्यास ठाऊक आहे त्यास ह्याचे आश्चर्य वाटणार नाही. सूत्रकार समोर असेतोपर्यंत सूत्र स्पष्टच असते!

पुढे ह्या खेळाच्या नव्या नव्या आवृत्त्या निघाल्या. दुसरी १९८९ साली आली. १९९७ साली मूळची कंपनी विझर्ड्स ऑफ द कोस्ट ह्या दुसऱ्या कंपनीने विकत घेतली. तिने तिसरी आवृत्ती २००० साली व चौथी २००८ साली काढली. आवृत्ती बदलणे म्हणजे नुसते शुद्धिपत्र जोडणे नव्हे. नियमच बदलतात. जुनी पुस्तके कपाटात जातात, आणि वर्षानुवर्षे एका मेजाभोवती बसणाऱ्या मित्रांत ‘नवे घ्यावे की जुनेच खेळावे’ म्हणून तट पडतात. चौथ्या आवृत्तीच्या वेळी असे तट फार पडले. कित्येकांस ती सुटसुटीत वाटली. कित्येकांस वाटले की हा आपला खेळच नव्हे.

ह्या दुसऱ्या पक्षाची मर्जी ओळखली ती पायझो नावाच्या एका लहान प्रकाशन संस्थेने. तिसऱ्या आवृत्तीच्या नियमांचा वापर इतरांस करता येईल असा परवाना तेव्हा खुला होता. त्याच्या आधारे ह्या संस्थेने ‘पाथफाइंडर’ नावाचा खेळ रचावयास घेतला, आणि रचून होण्यापूर्वीच, २००८ च्या मार्च महिन्यात, त्याचा कच्चा मसुदा लोकांपुढे फुकट ठेवला. “हा पुरा झालेला नाही, खेळा, आणि कोठे अडते ते सांगा,” असे म्हटले. ऑगस्टात सुधारलेला मसुदा निघाला आणि पक्के पुस्तक २००९ च्या ऑगस्टात. वर्ष-दीड वर्ष लोकांनी तो खेळ मोडून पाहिला, आणि मोडता मोडता तो त्यांचाच झाला.

ह्या रीतीस ‘पब्लिक प्लेटेस्ट’ म्हणतात. आम्ही तिला ‘लोकांकडून खेळ-परीक्षा’ म्हणू. खेळ छापण्यापूर्वी दहा-वीस ओळखीच्या मंडळींकडून तपासून घेण्याची चाल जुनीच होती. दार सताड उघडून वाटसरूसही आत बोलाविणे, हे त्यात नवे.

मोठ्या कंपनीनेही मग हाच मार्ग धरला. ९ जानेवारी २०१२ रोजी तिने जाहीर केले की नवी आवृत्ती लोकांस विचारून रचली जाईल, आणि २४ मे रोजी पहिले बाड बाहेर पडले. माइक मर्ल्स व जेरेमी क्रॉफर्ड हे ह्या कामातील प्रमुख रचनाकार होते. श्रीधर तेव्हा महाविद्यालयात होता. त्याने व त्याच्या मित्रांनी ते बाड उतरवून घेतले आणि वसतिगृहाच्या खोलीत रात्र जागविली. त्यात आयती तयार केलेली पाच पात्रे होती, आणि ‘केव्हज ऑफ केऑस’ नावाचा, गायगॅक्स यांनीच पूर्वी रचलेला, गुहांच्या दरीचा प्रसंग होता. आयती पात्रे व एकच प्रसंग कशासाठी, असे आम्ही विचारले. त्याचे उत्तर आम्हां परीक्षकांस पटण्यासारखे होते. प्रश्नपत्रिका सर्वांस एकच असावी, तरच उत्तरांची तुलना करता येते. नाहीतर खेळ बिघडला तो नियमामुळे की सूत्रधारामुळे, हे कसे कळावे?

त्या बाडातील एक नियम आम्हांस इतका आवडला की गणिताच्या तासाला तो घ्यावा असे वाटले. पूर्वीच्या आवृत्त्यांत परिस्थिती अनुकूल असेल तर फाशात एक मिळवा, आणखी अमुक असेल तर दोन मिळवा, अशा फुटकळ बेरजा फार असत. नव्या नियमाने सांगितले की अनुकूलता असेल तर वीसमुखी फासे दोन टाका व मोठा अंक घ्या, प्रतिकूलता असेल तर लहान घ्या. आता अकरा किंवा अधिक हवे असतील, तर एका फाशाने ते पडण्याचा संभव शेकडा ५०. दोन्ही फासे चुकण्याचा संभव अर्ध्याचा अर्धा म्हणजे शेकडा २५, म्हणून साधण्याचा ७५. परंतु नेमके वीसच हवे असतील, तर संभव ५ वरून वाढून पावणेदहाच होतो. म्हणजे मध्यम प्रतीच्या कामात अनुकूलतेचा लाभ मोठा, आणि अशक्यप्राय कामात थोडका. जगातही बहुधा असेच असते. हा नियम लोकांनी खेळून पाहिला, उचलून धरला, आणि तो पक्क्या पुस्तकात कायम झाला.

सर्वच कल्पनांचे भाग्य असे नव्हते. एकामागून एक बाडे निघत गेली, प्रत्येकाबरोबर प्रश्नावली आली, आणि नियम जन्मले व मेले. योद्ध्यास काही काळ पराक्रमाचे निराळे फासे दिले गेले व पुढे ते काढून घेतले. कौशल्यासाठी फासा टाकावा की ठरीव अंक मिळवावा, ह्याचीही उलटापालट झाली. हे २०१३ च्या उत्तरार्धापर्यंत चालले. खेळाडूंचे मुख्य पुस्तक १९ ऑगस्ट २०१४ रोजी प्रसिद्ध झाले, आणि त्यात जेथे रचनाकारांची नावे असतात तेथेच पावणेदोन लाखांहून अधिक परीक्षकांचे आभार मानले आहेत. श्रीधराने ते पान आम्हांस उघडून दाखविले. त्यात त्याचे नाव नाही, कोणाचेच नाही. परंतु त्या आकड्यात आपण एक आहोत, ही गोष्ट त्याने ज्या मुद्रेने सांगितली ती आम्ही विसरणार नाही.

पायझोनेही पुढे आपल्या दुसऱ्या आवृत्तीकरिता २०१८ च्या ऑगस्टापासून वर्षअखेरपर्यंत परीक्षा मांडली. तिच्यासाठी सात भागांचे एक खास कथानक होते, आणि प्रत्येक भाग नियमांचे निराळे अंग ताणून पाहील अशी योजना होती. त्या मसुद्यात ‘रेझोनन्स’ नावाचा एक नियम होता. जादूच्या वस्तू वापरण्याची शक्ती दिवसाकाठी मोजकीच, आणि ती पात्राच्या पातळीवर व त्याच्या छाप पाडण्याच्या गुणावर अवलंबून. कागदावर नियम नेटका होता. परंतु खेळात असे दिसे की घायाळ योद्ध्याच्या हाती औषधाची कुपी आहे, आणि केवळ त्या दिवसाचा हिशेब संपला म्हणून ती कामास येण्याची खात्री नाही. लोक रुसले. २०१९ च्या ऑगस्टात पक्के पुस्तक निघाले तेव्हा तो नियम त्यात नव्हता. अंगावर वागविण्याच्या जादूच्या वस्तूंस दिवसास दहा अशी साधी मर्यादा घालून काम भागविले होते.

येथवर श्रीधर सांगत होता व आम्ही ऐकत होतो. परीक्षेतही प्रकार असतात, असे तो म्हणाला. रचनाकार स्वतः मेजाशी बसून खेळवितो, तेव्हा नियमातील खाचखळगे त्याच्या तोंडच्या स्पष्टीकरणाने भरून निघतात आणि सर्व ठीक आहे असा भास होतो. खरी परीक्षा ती की जेथे रचनाकार हजरच नसतो. अनोळखी माणसे, छापलेला कागद आणि फासे, एवढेच. “पुस्तक विकले गेले म्हणजे लेखक त्याच्याबरोबर जात नाही ना, अण्णाकाका,” तो म्हणाला. आणि मग अगदी सहज, फासे पिशवीत भरता भरता, त्याने विचारले, “तुमच्या व्याकरणाच्या पुस्तकाची अशी परीक्षा झाली होती का?”

वाचकहो, त्या पुस्तकाची हकीकत येथे सांगणे भाग आहे. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. त्यापुढे पदवी नाही. संस्कृत मात्र शास्त्रीबुवांच्या पायाशी बसून शिकलो आणि तेच जन्मभर शिकविले. सुमारे वीस वर्षांपूर्वी आठवी-नववीच्या मुलांकरिता संस्कृत व्याकरणाची एक पुस्तिका आम्ही लिहिली व पदरच्या खर्चाने पाचशे प्रती छापल्या. छापण्यापूर्वी दोन विद्वान शास्त्र्यांस ती दाखविली. त्यांनी मुद्रणाचे तीन दोष काढले आणि शाबासकी दिली. आम्ही कृतार्थ झालो. ज्यांना संस्कृत येते, त्यांनी ती तपासली होती. ज्यांना येत नाही आणि ज्यांच्यासाठी ती लिहिली, त्यांस कोणी विचारले नाही.

वर्गात तीच पुस्तिका आम्ही शिकवीत असू. एके वर्षी एक मुलगा उभा राहिला व म्हणाला, “गुरुजी, तिसऱ्या पाठाच्या स्वाध्यायात ‘रामेण’ आले आहे. तृतीया विभक्ती तर सातव्या पाठात आहे. मग हे सोडवावयाचे कसे?” प्रश्न रास्त होता. आम्ही मात्र म्हणालो, “आधी पाठ कर, अर्थ मागाहून कळेल.” तो खाली बसला, आणि त्यानंतर त्या वर्गात तो प्रश्न पुन्हा कोणी विचारला नाही. तिसऱ्या पाठाचा स्वाध्याय सर्व मुले बिनचूक लिहून आणीत; त्यावरून तो पाठ मुलांस उत्तम साधला आहे, असे आम्ही ठरवून टाकले.

श्रीधर आमच्याच शाळेत, आमच्याच वर्गात होता. आता तो तिशीचा झाला आहे. आम्ही त्यास म्हणालो, “परीक्षा कशाला हवी? तिसऱ्या पाठासारखा अवघड स्वाध्याय तुम्ही सगळे बिनचूक करीत होता.”

तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, “अण्णाकाका, तिसऱ्या पाठाला आम्ही सगळेच अडत होतो. मागच्या वर्षीच्या मुलांच्या वह्या उतरवून घेत होतो. त्यांनी त्यांच्या मागच्यांच्या घेतल्या होत्या.”

“मग सांगितले का नाही?”

“तुम्ही विचारले नव्हते.”

त्याच्या बोलण्यात उपहास नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले. एकाच घरात, एकाच पंक्तीस जेवणारा मुलगा. आणि त्याने इतकी वर्षे ही गोष्ट पोटात ठेवली, कारण विचारण्याचे काम वडिलांचे आणि वडिलांनी ते केले नाही. पहिल्या वर्षी ज्या कोण्या मुलाने त्या स्वाध्यायाचे उत्तर कोठून तरी मिळविले, त्याची एक वही पिढ्यानुपिढ्या आमच्या पुस्तिकेची प्रतिष्ठा राखीत होती!

त्या रात्री आम्हांस कालिदासाच्या शाकुंतलाची प्रस्तावना आठवली. जाणत्यांचे समाधान होईपर्यंत आपल्या प्रयोगकौशल्यावर विश्वास ठेवू नये, असा तेथे सूत्रधाराचा अभिप्राय आहे. हा भाग आम्ही किती वेळा शिकविला असेल! परंतु ‘जाणता’ म्हणजे शास्त्री, असाच अर्थ आम्ही धरून बसलो. नाटकाचा जाणता तो प्रेक्षक, स्वयंपाकाचा जाणता तो जेवणारा, आणि पाठ्यपुस्तकाचा जाणता तो अडलेला विद्यार्थी, हे ध्यानी यावयास वीसमुखी फासा घरात यावा लागला.

तथापि लोकांस विचारले की सर्व काही सुधारते, असा समज आम्ही वाचकांचा करून देणार नाही. विचारण्यातही धर्म आहे आणि मर्यादा आहे.

पहिली गोष्ट अशी की विचारावयाचे ते निर्णय होण्यापूर्वी, आणि उत्तर प्रतिकूल आले तर आपली आवडती कल्पना टाकण्याची तयारी ठेवून. ह्याच मोठ्या कंपनीने १८ ऑगस्ट २०२२ रोजी नियमांच्या नव्या संस्करणाची परीक्षा पुन्हा सुरू केली. रचनाकारांनी उघड सांगितले की ज्या कल्पनेस शेकडा ७० लोकांचेही समाधान लाभणार नाही, ती टाकू अथवा पुन्हा रचू. त्याप्रमाणे त्यांनी केलेही. वनदेवतांचा उपासक ‘ड्रुइड’ पशुरूप घेतो, त्यासाठी भूचर, जलचर व खेचर असे तीनच ठरीव साचे त्यांनी २०२३ च्या आरंभी सुचविले. लोकांस ते रुचले नाहीत, म्हणून निरनिराळ्या पशूंची रूपे घेण्याची जुनी रीत परत आली. हे नवे पुस्तक १७ सप्टेंबर २०२४ रोजी प्रसिद्ध झाले. परंतु त्याच कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये, ज्या खुल्या परवान्यावर इतर प्रकाशकांचा उदरनिर्वाह चालत होता तो बदलण्याचा घाट आतल्या आत घातला, आणि मसुदा बाहेर फुटला. मोठा क्षोभ झाला. तेव्हा कंपनीने सुधारलेला मसुदा पुढे ठेवून त्याचीही प्रश्नावली काढली. पंधरा हजारांहून अधिक उत्तरे आली. जुना परवाना रद्द करण्यास शेकडा ८९ लोक नाराज होते. २७ जानेवारी रोजी कंपनीने माघार घेतली, आणि खेळाचे मूळ नियम सर्वांस कायमचे वापरता येतील अशा परवान्याने खुले केले. नियमांविषयी आधी विचारले तेव्हा लोक परीक्षक झाले. परवान्याविषयी मागाहून विचारले तेव्हा तेच लोक फिर्यादी झाले. माणसे तीच, प्रश्नावलीही तशीच. अंतर पडले ते वेळेचे.

दुसरी गोष्ट ही की तक्रार आणि उपाय ह्यांत भेद करावा. वैद्यापुढे रोगी ‘येथे दुखते’ म्हणतो तेव्हा तो प्रमाण. ‘अमुक मात्रा द्या’ म्हणतो तेव्हा वैद्याने आपले शास्त्र पाहावे. औषधाची कुपी कामास येत नाही, ही खेळाडूंची तक्रार खरी होती. तिच्या जागी काय असावे, हे ठरविणे रचनाकारांचेच काम होते.

तिसरी मर्यादा अधिक नाजूक आहे. २०१२ च्या परीक्षेत ‘सॉर्सरर’ नावाच्या जन्मसिद्ध मांत्रिकाचे एक विलक्षण रूप आले होते. तो जसजशी आपली मंत्रशक्ती खर्ची घाली, तसतसे त्याच्या अंगातील ड्रॅगनचे रक्त जागे होई आणि तो मांत्रिकाचा योद्धा बनू लागे. पुढे हे रूप मागे घेतले गेले, आणि पक्क्या पुस्तकात तो पुष्कळ निराळा झाला. श्रीधरास आजही त्याची हळहळ वाटते. बहुमताच्या चाळणीतून खडे जातात, तसा एखादा हिराही जातो. शिवाय प्रश्नावली भरतात ते बहुधा खेळात आधीच मुरलेले लोक. जो पहिल्याच दिवशी गोंधळून उठून गेला, त्याचे मत कोणाच्याच हाती लागत नाही. आणि पुष्कळदा तेच सर्वांत मोलाचे असते. आमचा तो उभा राहिलेला विद्यार्थी पुन्हा खाली बसला, तो असाच.

ह्या सर्वांचा आमच्या घरावर परिणाम झाला तो एवढाच. दुसऱ्या दिवशी आम्ही माळ्यावरून पुस्तिकेची एक प्रत काढविली, धूळ झटकली, आणि आमची नात आठवीत आहे तिच्या हाती दिली. तिला सांगितले, “हे वाच. कोणास काही विचारू नकोस. जेथे अडशील तेथे पेन्सिलीने फुली कर.” आणि आम्ही शेजारच्या खोलीत जाऊन बसलो. मध्ये दोनदा उठावेसे वाटले. एकदा दारापर्यंत गेलोही. श्रीधराने हाताने खूण केली, तेव्हा परतलो. चाळीस वर्षे समजावून देण्याचा धंदा केलेल्या माणसास न समजावता बसणे किती कठीण, हे ज्याचे त्यासच कळेल.

तासाभराने पुस्तिका परत आली. पहिल्या चार पाठांत अकरा फुल्या होत्या. तिसऱ्या पाठावर फुली असणार हे ठाऊकच होते. परंतु पहिली फुली पाठांतही नव्हती. ती आमच्या प्रस्तावनेच्या पहिल्याच वाक्यावर होती. “आजोबा, हे वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात मी विसरले,” असे तिने सांगितले. ते वाक्य आम्ही पुन्हा वाचले. सात ओळींचे होते.

पुस्तिका पुन्हा लिहावयास घेतली आहे. एकेक पाठ झाला की तो घरातील व शेजारच्या तीन मुलांकडे जातो आणि फुल्यांसह परत येतो. तिसरा पाठ आता आठव्या स्थानी गेला आहे. ज्या मुलास आम्ही खाली बसविले, तो आज कोठे आहे हे आम्हांस ठाऊक नाही. हे पान त्याच्या घरी जात असेल, तर त्याने आम्हांस क्षमा करावी, आणि जमल्यास एक प्रत मागवून पाठ तिसरा व पाठ आठवा तपासून पाहावा.

असो. प्रस्तुत लेख वाचताना जेथे अडखळावे लागले असेल, तेथे वाचकांनीही खूण करावी व आम्हांस कळवावे. पुढील अंकी सोंगट्यांविषयी लिहू म्हणतो; परंतु ह्या खेपेस लिहिण्यापूर्वी चार डाव घरातील मुलांबरोबर खेळून पाहणार आहोत.